वेताळाचा प्रश्न आणि वाचकाचे उत्तर : ‘चांदोबा’तील सचित्र अद्भुतकथा

वाङ्मयाचा वाचक म्हटला की आपल्या समीक्षेच्या डोळ्यांपुढे एक प्रौढ, बहुश्रुत, काव्यशास्त्रविनोदात मुरलेला सहृदय उभा राहतो. त्याची प्रतिक्रिया कलाकृती वाचून संपल्यावर सुरू होते, असे आपण गृहीत धरतो. आणि ती त्याने लेखाच्या, टिपणाच्या, निदान संभाषणाच्या रूपाने प्रकट केली तरच तिची दखल घेतो. परंतु मराठीत अर्धशतकाहून अधिक काळ महिन्यामागून महिने एक अशी कथा छापली जात होती, की जिने वाचकाच्या प्रतिक्रियेसाठी आपल्या अंगातच जागा राखून ठेवली होती. ती कथा म्हणजे ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळाची, थोड्या पानांची, चित्रांनी सजलेली अद्भुतकथा. ती पुण्यात वा मुंबईत घडत नसे. मद्रासच्या वडपळनी भागात घडे आणि मराठी वाचकाच्या हाती येई. बालवाङ्मयाच्या सदरात तिचा उल्लेख होतो, बालपणीच्या आठवणींत तर ती हमखास येते. पण वाचकाच्या घडणीचा एक ऐतिहासिक पुरावा म्हणून तिच्याकडे पाहिले गेले, असे म्हणवत नाही.

या कथेचा प्रवास पाहू गेल्यास मौजेची गोष्ट अशी की तिचे पहिले ठिकाण महाराष्ट्रातच आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरात ‘कथासरित्सागर’ रचला, त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या पंचवीस कथा येतात. तेथील राजाचे नाव त्रिविक्रमसेन. उज्जयिनीचा विक्रमादित्य त्याच्या जागी इतर परंपरांत आला. हा त्रिविक्रमसेन राज्य करतो तो गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात. ज्या गुणाढ्याच्या पैशाची ‘बृहत्कथे’तून हा सारा कथासंभार निघाला असे सोमदेव मानतो, तो गुणाढ्यही परंपरेने सातवाहनाच्या दरबारातलाच. मूळ ग्रंथ हरवला. क्षेमेंद्र व सोमदेव या दोघां काश्मीरी पंडितांनी त्याची संस्कृत रूपे राखली. शिवदास, जंभलदत्त आदींच्या हातून वेताळकथा स्वतंत्रपणे फिरू लागल्या. आणि पुढे त्या देशी भाषांत उतरल्या. मराठीत छापील ‘वेताळ पंचविशी’ आली ती १८३० मध्ये, सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या लेखणीतून. ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथा ज्यांनी मराठी मुलांना दिल्या तेच हे छत्रे. बोधकथा आणि भूतकथा एकाच माणसाच्या दौतीतून निघाव्यात, यात आपल्या आरंभीच्या गद्याचे एक लक्षण दिसते.

पण दक्षिणेकडे याहूनही आधी काही घडून गेले होते. तंजावरचे सरफोजीराजे यांनी आपल्या नवविद्याकलानिधि-शाळेच्या मुद्रणालयात १८०६ च्या सुमारास सख्खन पंडिताने केलेले इसापच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापवून घेतले. मराठी मुलांसाठी छापलेल्या आरंभीच्या पुस्तकांतले हे पुस्तक तमिळ देशात, कावेरीच्या काठी निघाले. मग सुमारे दीडशे वर्षांनी, एप्रिल १९५२ मध्ये, ‘चांदोबा’ही तमिळ देशातूनच निघाला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा धागा नाही. तसा तो ओढूनताणून जोडणे इतिहासाला शोभणार नाही. तथापि मराठी बालवाचकाचा विचार सह्याद्री आणि सातपुडा यांच्या मधल्या मुलुखापुरता करण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती या दोन तारखांपुढे टिकत नाही, एवढे मात्र खरे.

‘चांदोबा’ जन्माला आला तो मूळ ‘चंदमामा’चे एक भावंड म्हणून. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला हे मासिक सुरू केले. तेलुगू आणि तमिळ आवृत्त्या आधी आल्या, पाठोपाठ कन्नड व हिंदी. मराठीची पाळी १९५२ मध्ये आली. नागी रेड्डी हे चित्रपटनिर्माते; ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबजार’ (१९५७) हे अद्भुतरसाने ओथंबलेले चित्रपट त्यांच्याच संस्थेचे. चक्रपाणींनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या तेलुगूत नेल्या होत्या. १९५२ पासून १९८० मधील आपल्या मृत्यूपर्यंत ज्यांनी मासिकाचे संपादन सांभाळले ते कोडवटिगंटी कुटुंबराव हे तर तेलुगूतील अग्रगण्य वास्तववादी कथाकार, मध्यमवर्गाच्या दांभिकतेवर बोट ठेवणारे. भुताखेतांच्या कथांचे मासिक एका कट्टर बुद्धिवादी लेखकाच्या हाती अठ्ठावीस वर्षे होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मासिक तयार होण्याची रीतही सांगितली पाहिजे. कथा प्रथम तेलुगूत सिद्ध होई, मग ती निरनिराळ्या भाषांत उतरे. चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांना एकच. पानावर चित्र कोठे बसणार, त्याच्या भोवती मजकुराला किती जागा उरणार, हे आधी ठरलेले. म्हणजे मराठी मजकूर चित्राच्या कडेने, नेमून दिलेल्या ओळींत बसवावा लागे. आपण सामान्यतः समजतो की चित्र हे कथेचे अलंकरण. येथे चित्र स्थिर आणि भाषा पाहुणी होती. या सक्तीचा परिणाम मराठी गद्यावर झाल्यावाचून राहिला नाही. वाक्ये आखूड, क्रियापदे ठाम, विशेषणांना थारा नाही, बोलीचा गंध नाही. ‘चांदोबा’चे मराठी कोणत्याच गावचे नव्हते, आणि म्हणून सोलापूरच्या मुलाला जितके जवळचे तितकेच चंद्रपूरच्या मुलालाही. त्यात गोडवा कमी होता हे कबूल करावे लागते. ‘आनंद’ मासिकाने १९०६ पासून जी घरगुती, मायेची, किंचित उपदेशाकडे झुकणारी मराठी मुलांना ऐकवली, ती येथे सापडत नाही. पण राजा चालू लागला म्हटले की तो खरोखरच चालू लागतो, एवढी त्या गद्याची चाल स्वच्छ होती.

आता कथेच्या बांध्याकडे वळू. त्याचा साचा सर्वांना पाठ आहे: हट्ट न सोडणारा राजा झाडाकडे परततो, प्रेत उतरवून खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो, प्रेतातला वेताळ त्याच्या श्रमांची कीव करून वाटेच्या विरंगुळ्यासाठी एक गोष्ट सांगतो, गोष्टीच्या शेवटी एक अडचणीचा प्रश्न टाकतो, उत्तर ठाऊक असूनही बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, अशी धमकी देतो, राजा उत्तर देतो, मौन भंगते आणि वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. या साच्यात ऐकणारा हाच नायक आहे. त्याचे एकच कर्म, ते म्हणजे ऐकणे आणि ऐकलेल्यावर निर्णय देणे. गोष्टीतली माणसे काही का करोत. खरी कसोटी श्रोत्याची चालू असते.

आपल्या काव्यशास्त्राशी याची तुलना करून पाहावी. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली तीत वाचकाच्या प्रतिसादाचे स्वरूप हृदयसंवादाचे आहे. भाव साधारणीकृत होतात, मीपणाची बंधने गळतात, चित्त विश्रांती पावते. अभिनवगुप्तही काश्मीरचाच आणि सोमदेवाच्या आधी शतकभरातला. त्याच भूमीत, जवळजवळ त्याच काळात, कथेच्या परंपरेने वाचकाची अगदी वेगळी मूर्ती घडवली होती. वेताळाला विश्रांती नको आहे. त्याला रसास्वाद नको, निवाडा हवा. तो श्रोत्याच्या हृदयाला हात घालीत नाही, मानेवर बसतो. आपल्या शास्त्रकारांनी या दुसऱ्या वाचकाची मीमांसा केली नाही, याचे कारण कथेला त्यांनी काव्याच्या मानाने धाकटे लेखले, हे असावे. युरोपात १९७० च्या सुमारास वाचककेंद्री समीक्षेने, विशेषतः कोन्स्टान्झच्या वोल्फगांग इझर यांनी, संहितेतल्या मोकळ्या जागा वाचक भरून काढतो असा सिद्धान्त मांडला, तेव्हा तो नवा म्हणून आपल्याकडे वाचला गेला. प्रश्न आणि राजाचे उत्तर यांच्यामधली जागा ही तशीच मोकळी जागा आहे. फरक एवढाच की येथे ती उघड दिसते, तिच्यावर प्राणांतिक दंड लावलेला आहे, आणि ‘चांदोबा’चा आठ वर्षांचा वाचकही तिच्याजवळ येऊन थबकत असे.

त्याच वर्षी, १९७० मध्ये, त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी अद्भुत साहित्याची जी व्याख्या केली ती मात्र येथे लागू पडत नाही. घडले ते नैसर्गिक की अतिमानुष, याविषयी वाचकाच्या मनातला संदेह हा त्यांच्या मते या प्रकाराचा प्राण. वेताळकथेत असा संदेह क्षणभरही नाही. प्रेत बोलते; राजाला त्याचे आश्चर्य नाही, वाचकालाही नाही. संदेह आहे तो योग्यायोग्याविषयी. अद्भुताचा उपयोग येथे डोळे दिपवण्यासाठी नसून व्यवहारातल्या सवयीच्या नात्यांना बाजूला सारण्यासाठी होतो, आणि मग उरलेल्या उघड्या प्रश्नापुढे वाचकाला उभे केले जाते.

एक जुनी कथा घेऊ. मंदारवती नावाच्या ब्राह्मणकन्येला तिघे तरुण मागणी घालतात. एकाला दिली तर इतर दोघे प्राण देतील म्हणून बाप कोणालाच देत नाही. तेवढ्यात ती ज्वराने मरते. एक तरुण तिच्या रक्षेवर अंथरूण घालून स्मशानातच राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो, तिसरा गोसावी होऊन भटकता भटकता मृतसंजीवनाचा मंत्र मिळवून येतो. मंत्राने ती उठते. तिचा पती कोणता? बहुतेक वाचक तिसऱ्याचे नाव घेतात, कारण कष्टाचे फळ त्याने आणले. राजाचे उत्तर निराळे आहे: जीव देणारा तो पिता झाला, अस्थी नेणारा तो पुत्र झाला, जो तिच्या रक्षेला कवटाळून राहिला तोच पती. हे उत्तर तर्काने निर्दोष आहे, पण त्यात एक निष्ठुर थंडपणाही आहे. जी उठून बसली आहे तिला कोणी विचारीत नाही. आजची वाचक मुलगी ही गोष्ट वाचताना जेथे अडखळते ते ठिकाण सोमदेवाच्या ध्यानातही नव्हते. परंतु अडखळण्याची जागा मात्र त्यानेच निर्माण करून ठेवली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

मस्तकांच्या अदलाबदलीची कथा तर जगभर गेली. पती आणि भाऊ यांची शिरे घाईघाईत एकमेकांच्या धडांना लागतात. स्त्रीचा पती कोणता? मस्तक हे सर्व अवयवांत प्रमुख, म्हणून पतीचे शिर ज्याला तो पती, असे राजा सांगतो. थोमास मान यांनी १९४० मध्ये या कथेवर आपली लघुकादंबरी रचली. भारतविद्येचे पंडित हाइन्रिख त्सिमर यांच्या लेखनातून ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’ (१९७१) या कन्नड नाटकाने मान यांच्याकडून ती परत भारतात आणली. मान आणि कार्नाड या दोघांनीही भावाच्या जागी मित्र घातला आणि राजाचे उत्तर अपुरे ठरवले: धडालाही स्मृती असते, असे त्यांनी सुचवले. दोन थोर लेखकांनी केले ते हेच, की प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या जागेत ते राजापेक्षा अधिक वेळ थांबले.

‘चांदोबा’पुढे अडचण वेगळी होती. मूळ कथा पंचवीसच. मासिक दरमहा निघणार. जुना साठा संपल्यावर त्याच चौकटीत नव्या कथा रचणे भाग पडले, आणि त्या शेकड्यांनी रचल्या गेल्या. या नव्या कथांतल्या प्रश्नांची जात बदलली, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुना वेताळ विचारी: हक्क कोणाचा? दोष कोणाला? श्रेष्ठ कोण? नवा वेताळ बहुधा विचारतो: हा माणूस असा का वागला? ज्याने आयुष्यभर धनासाठी खटपट केली त्याने हाती आलेले धन का नाकारले? राजकन्येचा हात मिळत असता तो गरीब शेतकऱ्याच्या मुलीकडे का परतला? मांत्रिकाने शिष्याला शेवटची विद्या का दिली नाही? वेताळ वरवर दिसणाऱ्या विसंगतीवर बोट ठेवतो, त्या माणसाला मूर्ख वा दांभिक ठरवू पाहतो. आणि राजा त्या विसंगतीखालची संगती उलगडून दाखवतो. धर्मशास्त्राच्या प्रश्नाचे रूपांतर मनोव्यापाराच्या प्रश्नात झाले. कुटुंबरावांच्या संपादनाची छाया येथे पडली आहे असे अनुमान केले तर ते फारसे धाडसाचे होऊ नये. माणसाच्या कृतीमागचा हेतू शोधणे हाच वास्तववादी कथाकाराचा व्यवसाय. तो व्यवसाय त्यांनी राक्षस, जादूगार आणि मंतरलेल्या अंगठ्या यांच्या राज्यात चालू ठेवला. मराठी नवकथा ज्या वर्षांत प्रौढ वाचकाला माणसाच्या अंतर्मनाकडे वळवीत होती, त्याच वर्षांत त्या वाचकाचे धाकटे भावंड ‘चांदोबा’च्या पानावर बोट ठेवून, तो असा का वागला असेल, याचा विचार करीत होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आपण कधी पाहिल्या नाहीत.

याची किंमतही मोजावी लागली. सोमदेवाच्या चक्राला शेवट आहे. बाप आणि मुलगा यांनी मुलगी आणि आई यांच्याशी उलटसुलट विवाह केले, तर त्यांची मुले परस्परांची कोण, या प्रश्नापाशी राजा पहिल्यानेच गप्प राहतो, कारण त्याला उत्तर खरोखरच येत नाही. आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो. ज्ञानाच्या तेवीस उत्तरांनी जे साधले नाही ते न कळण्याच्या एका कबुलीने साधते. मासिकाला हा शेवट परवडणारा नव्हता. तेथे राजाला प्रत्येक महिन्यात बोलावे लागे आणि प्रत्येक महिन्यात त्याचे बरोबर असे. दरमहा अचूक उत्तर देणारा राजा पाहून वाढलेल्या वाचकाच्या मनात, प्रश्नाला उत्तर असतेच, असा भाबडा विश्वास रुजला असल्यास नवल नाही. त्यावर उतारा एवढाच की अचूक उत्तराने राजाच्या पदरी काहीच पडत नसे. प्रेत पुन्हा झाडावरच. ही विटंबना मुलांना हसवी. तिच्यातला कडवटपणा मोठेपणी कळे.

कथा वाचून झाल्यावर वाचकाने काही लिहून कळवावे, अशी एक सोयही मासिकात होती. दोन छायाचित्रांना शोभतील अशी जोडीची नावे पोस्टकार्डावर कळवण्याची स्पर्धा दरमहा चाले आणि विजेत्याचे नाव छापून येई. आपले नाव पहिल्यानेच छापील अक्षरांत पाहिल्याचे समाधान त्या सदराने कितीकांना दिले असेल. पण वेताळाच्या प्रश्नाला पोस्टकार्ड नव्हते. ते उत्तर वाचकाने मनातच द्यायचे आणि पुढच्या परिच्छेदात राजाकडून पडताळून घ्यायचे. म्हणूनच त्याचा लेखी पुरावा इतिहासकाराच्या हाती लागत नाही.

हाती लागतात ती चित्रे. ‘चांदोबा’च्या चित्रकारांत चित्रा या नावाने काढणारे टी. व्ही. राघवन, म्हैसूरकडचे एम. टी. व्ही. आचार्य, मुखपृष्ठांसाठी गाजलेले श्रीकाकुळमचे वड्डादि पापय्या, आणि विक्रम-वेताळाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन्. शंकर १९२४ मध्ये जन्मले, मद्रासच्या कलाशाळेत शिकले, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ‘चंदमामा’त आले आणि मासिक चालू होते तोवर त्याच्यासाठी काढीत राहिले. २०२० मध्ये ते निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारे प्रेत, मागे वळलेल्या फांद्या, पायाशी कवट्या: हे त्यांचे चित्र महिन्यामागून महिने कथेच्या माथ्यावर येई. पुनरावृत्तीमुळे त्यातले भय बोथट होई, आणि बहुधा हेच त्याचे काम होते. ओळखीच्या झालेल्या भयाच्या दारातून मूल निर्धास्तपणे आत शिरे.

आतली चित्रे मात्र भयाची नव्हती. तो एक देश होता. उंच गोपुरांची देवळे, ताडामाडांच्या रांगा, पाण्याने चमकणारी भातखाचरे, दगडी मंडप, खांद्यावर उपरणे टाकलेले भरगच्च अंगाचे शेठजी, केसांत गजरे माळलेल्या बायका. कथेत नगराचे नाव काहीही असो, चित्रात ते कृष्णा-कावेरीच्या पट्ट्यातच वसलेले दिसे. देशावरच्या, काळ्या मातीच्या मुलुखातल्या वाचकाने ताडांची रांग प्रत्यक्ष पाहिलेली नसे. त्याच्या दृष्टीने राक्षस, उडता गालिचा आणि गोपुर ही तिन्ही सारख्याच योग्यतेची अद्भुते होती. मराठी मनातल्या अद्भुत देशाचा भूगोल असा नकळत दक्षिणेचा झाला. चित्रकार आपल्या गावाशेजारचे देऊळ काढीत होता. वाचक ते परीराज्य म्हणून पाहत होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

हा पत्ता लागण्याचा योग अलीकडे आला आहे, आणि त्याचे एक ठिकाण शोळिंगनल्लूर हे आहे. वडपळनीपासून दक्षिणेला वीस किलोमीटरांच्या आसपास, जुन्या महाबलिपुरम् रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला बकिंगहॅम कालवा, पलीकडे समुद्र, वरच्या बाजूस पळ्ळिकरणैची दलदल, गावात सिंहमुखी प्रत्यंगिरा देवीचे देऊळ. २०११ मध्ये गाव चेन्नई महानगरपालिकेत आले. त्यापूर्वीच रस्त्याच्या दुतर्फा संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि देशभरातून नोकरदार कुटुंबे येथे वस्तीला येत होती. त्यांत मराठीही आहेत. तंजावरच्या पिढीजात मराठ्यांशी यांचा काही संबंध नाही. ही कालपरवा आलेली माणसे. मासिकाची कथा तोवर संपत आली होती. १९९८ मध्ये प्रकाशन खंडित झाले, वर्षभराने पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मुंबईच्या एका संगणक-कंपनीने ते विकत घेतले, आणि त्यापुढच्या दशकाच्या आरंभी ते बंदच पडले. ज्या धंद्याने मराठी वाचकाला चित्रातल्या देशात आणून सोडले, त्याच धंद्यातल्या एका कंपनीच्या हातात चित्रे काढणारे मासिक मावळले. या योगायोगावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

अशाच एका घरात सांगलीहून आणलेला ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांचा बांधीव खंड मी पाहिला. आईचा तो बालपणीचा ठेवा. वाचीत होती तिची दहा वर्षांची मुलगी. ती चेन्नईतच वाढलेली. शाळा इंग्रजीची, खेळ तमिळमधला, मराठी घरातली आणि वाचताना अक्षर-अक्षर लावून घ्यावी लागणारी. गोपुराच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘‘आई, हे तर आपल्या इथलंच आहे.’’ आईला याच चित्राने एके काळी दुसऱ्या जगात नेले होते. मुलीला चित्र घरचे आणि भाषा परकी. आईला भाषा घरची आणि चित्र परके. त्याच कथेची, त्याच पानाची ही दोन वाचने. सचित्र अद्भुतकथेत अद्भुत कोठे असते, याचे उत्तर म्हणून आपण नेहमी कल्पितातल्या घटनांकडे पाहतो. पण येथे ते घटनांतून निसटून मराठी शब्दांतच जाऊन बसले होते. ‘स्मशान’, ‘प्रेत’, ‘वेताळ’ हे शब्द ती मुलगी ज्या कुतूहलाने उच्चारीत होती त्या कुतूहलाने ती देवळाकडे पाहत नव्हती. परप्रांतातल्या मराठी मुलाला मराठी टिकवण्यासाठी काय द्यावे, या प्रश्नावर परिसंवादांतून आपण संस्कार आणि परंपरा यांविषयी पुष्कळ बोलतो. भाषाच अद्भुत वाटावी, ही शक्यता आपल्या गणतीत नसते.

राजाच्या उत्तरांवर मात्र त्या मुलीचे फारसे समाधान दिसले नाही. मंदारवतीच्या कथेत तिने तिघांपैकी कोणालाच निवडले नाही. राजा दर वेळी बोलून का बसतो, गप्प राहून घरी का जात नाही, हा तिचा आक्षेप. धमकीची तरतूद तिला दाखवून दिली. मग बाप-मुलगा आणि आई-मुलगी यांच्या विवाहाची ती शेवटची कथा तिला सांगितली, तेव्हा तिने कागदावर चार माणसे काढली, बाण ओढले, दोन्ही मुलांची नाती लावून पाहिली. काका, मामा, आत्या, नातू, सारी नावे एकमेकांवर चढली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘‘पण वेताळाला तरी उत्तर माहीत होतं का?’’ सोमदेवाच्या ग्रंथात वेताळ ते सांगत नाही. राजाच्या धैर्यावर तो संतुष्ट होतो, आणि ज्या भिक्षूसाठी हे प्रेत वाहून न्यायचे आहे त्या क्षान्तिशीलाच्या कपटाची वार्ता राजाच्या कानी घालून निघून जातो.